शंभर ग्रॅम

बीडहून परळीकडे निघालं की वडवणी मागं टाकल्यावर तेलगाव लागतं. तालुका धारूर. इथून उत्तरेला माजलगाव, दक्षिणेला घाट चढून धारूर, पूर्वेला सिरसाळ्यावरून परळी. दिवाळीच्या पुढंमागं या रस्त्यांवर ट्रॅक्टर, ट्रक आणि टायरगाड्यांची ये-जा वाढते. तेलगावात लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखाना आहे, त्याचं गाळप सुरू होण्याचे हे दिवस. पण याच दिवसांत याच भागातली हजारो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघालेली असतात. उसाच्या गावातून माणूस ऊस तोडायला दुसरीकडे जातो, हे बाहेरच्याला कोडं वाटतं. कारखाना एक आणि कोयते अनेक, शिवाय मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, जिकडची असेल तिकडं जावं लागतं. इथल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

या लेखाचा विषय मात्र ऊस नाही. तांदूळ आहे, आणि तोही मोजून घेतलेला. एका मुलाला किती तांदूळ लागतो, तो किती पाण्यात शिजवायचा आणि मुळात आज मुलं किती आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरं तेलगावच्या पंचक्रोशीतल्या जिल्हा परिषद शाळांच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी शोधली जातात. पहिल्या दोन प्रश्नांना कागदावर पक्की उत्तरं आहेत. तिसऱ्याचं उत्तर हंगामाप्रमाणे बदलतं, आणि बीड जिल्ह्यात खरी गोम तिथंच आहे.

हा मुलूख ज्वारीचा. रब्बीची ज्वारी, थोडी बाजरी, तूर, कापूस आणि अलीकडे सोयाबीन. माजलगावला सिंदफणेवर धरण झालं आणि पाणी पोचलं तिथं ऊस आला, भात आला नाही. त्यामुळे आमच्याकडे भात हे रोजचं अन्न नव्हतं. सणाला, पाहुण्याला, लग्नाच्या पंगतीला, नाहीतर आजारी माणसाला मऊ करून. कोकणातल्या बाईचा हात डोळे मिटून तांदळाचं माप घेतो, तसा इथल्या बाईचा हात पिठाचा गोळा तोलतो. किती भाकरींना किती पीठ, हे तिला विचारावं लागत नाही. तांदळाचा अंदाज तिला नव्यानं बसवावा लागला आणि तो बसवला दोन ठिकाणांनी. एक रेशनचं दुकान आणि दुसरी शाळा.

जुनी मापं होतीच. कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दर पायरीला दुप्पट, त्यामुळे अक्षर न येणारी बाईसुद्धा हिशेबात चुकत नसे. ही मापं भरून मोजायची, तोलून नाही. यात दोन भानगडी होत्या. शेर आणि पायली गावागणिक लहानमोठी असत. दुसरी भानगड शिगेची. माप सपाट भरायचं की वर शीग चढवायची, यावर देणाऱ्या-घेणाऱ्याचा फायदा-तोटा ठरायचा. माप पसरट असेल तर शीग मोठी येते, उभट असेल तर लहान. धान्य देताना उभट आणि घेताना पसरट माप वापरणारा सावकार काटा न मारताच दोन्हीकडून नफा काढू शकत होता. १९५६ च्या कायद्यानं देशात दशमान पद्धत आणली, पुढच्या काही वर्षांत किलो आणि लिटर बाजारात रुळले. खेड्यात ज्वारीचा व्यवहार पायलीत मात्र पुढंही चालत राहिला. शाळेतला तांदूळ पायलीतून आला नाही. तो आला तेव्हापासून ग्रॅममध्येच आला.

केंद्र सरकारची शाळेतल्या आहाराची योजना १९९५ साली सुरू झाली. महाराष्ट्रात पहिली काही वर्षं शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. ज्या मुलाची हजेरी ऐंशी टक्के भरली, त्याला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. मूल तांदळाची पिशवी घेऊन घरी जायचं आणि तो तांदूळ घरातल्या सगळ्यांच्या पातेल्यात पडायचा. त्यात गैर काही नव्हतं. घरात पाच तोंडं असताना एकट्याच्या नावाचा भात वेगळा कोण शिजवणार? पण मुलाच्या वाट्याचं मुलाच्या पोटात गेलं की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला: प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्या, वर्षाला किमान दोनशे दिवस, किमान ३०० उष्मांकांचं. तमिळनाडूत हे काम कामराज मुख्यमंत्री असताना, १९५६ पासूनच सुरू झालं होतं. आपल्याकडे चूल पेटायला न्यायालयाचा आदेश लागला. त्यानंतर शाळेच्या आवारात पत्र्याची शेड आली, तीन दगड आले, मोठा टोप आला आणि खिचडी आली. आज या योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असं आहे. पोरं तिला खिचडीच म्हणतात.

सरकारी माप असं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. ७०० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिनं. सगळी वजनं कच्च्या धान्याची. शंभर ग्रॅम तांदूळ म्हणजे मोठ्या माणसाच्या दोन लहान मुठी. डाळ, भाजी आणि पाणी धरून शिजला की ताटात तीनशे-साडेतीनशे ग्रॅम खिचडी पडते. पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोराला ती संपत नाही. पाचवीतल्या पोराची आई पहाटे रोजंदारीवर गेलेली असेल आणि ते चहावर शाळेत आलेलं असेल, तर त्याला ती पुरत नाही. दोघांच्या नावावर तांदूळ सारखाच. कागदावरचं हे माप सरासरीचं आहे आणि सरासरी म्हणून बरोबरच आहे. ते ताटागणिक लावायचं नसतं, टोपाला लावायचं असतं. वाढणाऱ्या बाईला हे कुणी शिकवलेलं नसतं. ती पहिल्या फेरीत सगळ्यांना थोडं कमी वाढते आणि दुसऱ्या फेरीला हात राखून ठेवते. ज्याला हवं तो ताट पुढं करतो. या योजनेतली सगळ्यात न्याय्य गोष्ट मला ही दुसरी फेरी वाटते, आणि ती कुठल्याही शासन निर्णयात नाही.

आता हिशेब बघा. पहिली ते पाचवीची शाळा, पट साठ. पूर्ण हजेरी असेल तर ६ किलो तांदूळ, १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी, ३०० ग्रॅम तेल. आज बेचाळीस आली तर ४ किलो २०० ग्रॅम तांदूळ. चार किलो दोनशे मोजायचा कशानं? वजनकाटा असेल आणि चालू असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर डबा. एक लिटरच्या भांड्यात सपाट भरून आठशे ते साडेआठशे ग्रॅम तांदूळ मावतो, म्हणजे साधारण आठ मुलांचा. बेचाळीस मुलांना पाच भांडी आणि वर थोडा. ज्या बाईच्या हाताला एकच ठरलेला डबा असतो, तिचं माप काट्याच्या जवळ जातं. डबा बदलला, दुसऱ्या कुणी भरला किंवा घाईत शीग चढली की शाळेच्या नोंदवहीत आणि पोत्यात फरक पडायला लागतो. शिक्षक रोज मोबाइलवर जेवणाऱ्या मुलांची संख्या भरतो, आणि त्या आकड्याप्रमाणे शिल्लक साठ्यातून तांदूळ, डाळ, तेल आपोआप वजा होतं. वही मुठीनं चालत नाही. पन्नास किलोचं पोतं उतरवून घेतानाच ते भरलं नाही, तर महिनाअखेरीला ती तूट शाळेच्या माथी येते. म्हणून पोतं उतरताना प्रत्येक वेळी वजन करून घेणं गरजेचं. माझं मत विचाराल तर प्रत्येक शाळेला भिंतीवरच्या सूचनाफलकाआधी एक चांगला काटा मिळायला हवा.

मोजलेला तांदूळ नीट शिजला नाही तर मोजण्याला अर्थ राहत नाही. घरात एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हे सगळ्यांना पाठ. मोठ्या टोपात हाच हिशेब फसतो. वाटीभर, म्हणजे साधारण १६० ग्रॅम तांदूळ मोकळा शिजताना आपल्या वजनाच्या दीडपट, म्हणजे २४० मिलिलिटर पाणी पितो. आपण घातलेलं असतं ४००. उरलेलं वाफ होऊन जातं. वाफ किती जाणार, हे तांदळाच्या वजनावर ठरत नाही. ते भांड्याच्या तोंडावर, आचेवर, झाकणावर आणि वेळेवर ठरतं. दहा किलो तांदूळ पिणार पंधरा लिटर. झाकण असेल तर वाफेत आणखी दोन-तीन लिटर जाईल. वाटीच्या हिशेबानं मात्र त्यात चोवीस लिटर पाणी पडतं, कारण दहा किलोचं माप बारा लिटरचं भरतं. सहा-सात लिटर जादा पाण्यात तांदळाचा लगदा होतो. बोटाचं पेर बुडेल एवढं पाणी, ही आजीची रीतही घरच्या पातेल्यापुरतीच, पण तिथं चूक उलट दिशेनं होते. टोप खोल झाला की तांदूळ पिणारं पाणी खोलीबरोबर वाढत जातं, पेर तेवढंच राहतं, आणि खालचा भात कच्चा राहतो.

पंगतीचे आचारी त्यामुळे वाटी आणि पेर दोन्ही बाजूला ठेवतात. आधी आधण ठेवायचं. ते उकळलं की धुऊन निथळलेला तांदूळ वैरायचा. शेजारच्या चुलीवर आणखी एक पातेलं उकळत ठेवायचं आणि लागेल तसं त्यातलं कढत पाणी वरून घालायचं. थंड पाणी घातलं की शिजणं थबकतं, कण बाहेरून फुटतो आणि आतून टणक राहतो. शीत दाबून बघायचं, मधे टाचणीच्या टोकाएवढी कणी राहिली की आच काढायची. बाकीचं काम वाफेवर सोडायचं, कारण दहा किलोचा टोप उतरवल्यावरही बराच वेळ आतून शिजत असतो. लग्नाच्या स्वयंपाकात किलोला दहा माणसं असा ढोबळ हिशेब चालतो, म्हणजे तिथंही माणशी शंभर ग्रॅमच. तिथं पोळी, भाजी, बुंदी असते. शाळेत सगळी भूक त्या एका ताटावर असते.

खिचडीत आणखी एक अडचण आहे, ती मराठवाड्याच्या पाण्याची. बोअरचं पाणी जड. त्यातल्या चुन्यामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. तांदूळ वीस मिनिटांत होतो, तूरडाळ तासभर रटरटत राहते. दोन्ही एकदम टाकले तर डाळ शिजेपर्यंत भाताचा चिखल. म्हणून डाळ आधी भिजत घालावी, आधी शिजवावी, मग तिच्यात तांदूळ वैरावा. २०२४ साली राज्य सरकारनं पाककृतींची यादी वाढवली. मसालेभात, मटार पुलाव, चवळीची खिचडी, मटकीची उसळ, शेवग्याच्या शेंगांचं वरण आणि भात, तांदळाची खीर, नाचणीचं सत्त्व. यादी चांगलीच आहे. रोज तीच पिवळी खिचडी खाऊन कंटाळलेल्या पोरांसाठी तर नक्कीच. पण प्रत्येक पदार्थाला पाण्याचं प्रमाण वेगळं, वेळ वेगळा, सरपण वेगळं, आणि चुलीपुढचे हात तेवढेच. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकीण, शंभरापर्यंत दोन. मानधन २०२३ साली महिन्याला २५०० रुपये झालं, तेही वर्षातले दहाच महिने. शाळेच्या चोवीस-पंचवीस दिवसांवर विभागलं तर दिवसाला शंभर रुपये. त्यात तांदूळ निवडणं, धुणं, चूल, शिजवणं, वाढणं, टोप घासणं आणि आधी स्वतः चव घेणं. हे मला मान्य होत नाही. शेतातल्या खुरपणीलाही याहून जास्त मिळतात.

चव घेणं हा विधी नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन तेवीस मुलं दगावली. त्यानंतर मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं आणि वहीत सही करायची, ही पद्धत देशभर कडक झाली. त्या सहीमागं तेवीस मुलं आहेत, हे ती करणाऱ्यानं विसरू नये.

निवडण्यावरूनही एक गोष्ट सांगायला हवी. अलीकडे रेशनच्या आणि शाळेच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात. जरा पिवळट, जास्त गुळगुळीत, पाण्यात टाकले की कधी वर तरंगणारे. गावोगावी बोभाटा झाला की हा प्लास्टिकचा तांदूळ आहे. किती बायकांनी सुपात बसून हे दाणे एकेक करून वेचून टाकले असतील! ते पोषक दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व बी-१२ मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढलेले, साध्या शंभर दाण्यांत एक या प्रमाणात घातलेले. वेचून टाकले की नेमकं तेच जातं ज्यासाठी सरकारनं खर्च केला. जास्त पाण्यात शिजवून पेज ओतून दिली तरी त्यातला काही भाग वाहून जातो. पाण्याचं माप जमलं तर तांदूळ मोकळा होतो आणि ताटातलं सत्त्वही ताटातच राहतं. हे सांगणारा एक माणूस गावात आला असता तर वेचणाऱ्या बायकांचे तास वाचले असते. तांदूळ आला, पण सांगणारं कुणी आलं नाही.

आता तिसरा प्रश्न. मुलं किती?

दसऱ्यानंतर धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपं लागायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते. सोबत भांडी, धान्य, शेळी आणि मुलं. म्हातारी माणसं मागं राहतात. शाळेच्या पटावर साठ नावं असली तरी दिवाळीची सुट्टी संपल्यावर वर्गात किती बसतील, हे मुख्याध्यापकालाही पहिल्या आठवड्यात सांगता येत नाही. मुलं आई-बापाबरोबर गेली तर फडाच्या कडेला उसाच्या पाचटाच्या कोपीत राहतात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, तिची शाळा तिथंच संपते. ही गळती थांबवण्यासाठी हंगामी वसतिगृहं निघाली: मूल गावातच आजी-आजोबांकडे राहील आणि दोन वेळचं जेवण शाळा व्यवस्थापन समिती देईल. जी मुलं जातात त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवलं की जिथं टोळी उतरली तिथल्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं. वर्गातल्या जागेबरोबर तिथल्या टोपात त्याचे शंभर ग्रॅमही पडायला हवेत. नाव या गावच्या पटावर आणि तोंड दुसऱ्या जिल्ह्यात, असं झालं तर तांदूळ एका शाळेत उरतो आणि दुसऱ्या शाळेत कमी पडतो. कार्डाचा कागद त्यासाठी आहे. तो मुलाच्या दप्तरात नसेल तर सगळी मोजणी फुकट.

घरच्या धान्याचंही तसंच. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे मोफत आहे. पाच किलोला तीस दिवसांनी भागलं तर दिवसाला १६६ ग्रॅम. शाळेत सातवीतल्या मुलाच्या एका वेळच्या जेवणाला १५० ग्रॅम धरतात, आणि दिवस उगवायच्या आधीपासून मोळ्या बांधणाऱ्या त्याच्या आईला दोन्ही वेळचे मिळून १६६. हे दोन आकडे एकाच देशाच्या दोन कागदांवर आहेत. शेजारी ठेवून वाचले की कळतं, रेशनचं माप भूक भागवायला ठरवलेलं नाही, भुकेला हातभार लावायला ठरवलेलं आहे. पूर्वी रेशनकार्ड गावात आणि माणूस फडात, त्यामुळे सहा महिने तेही हुकायचं, किंवा म्हातारा-म्हातारी उचलून ठेवायची. २०१९ पासून कार्ड दुसरीकडे चालवायची सोय झाली. ती मिळायला फडाच्या जवळच्या दुकानात शिल्लक धान्य हवं, अंगठा जुळायला हवा आणि अंधार पडायच्या आत तोडणी संपायला हवी. कोयत्यानं झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला सहज ओळखू येत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात. नावं पुन्हा वर्गात बसतात, टोपातला तांदूळ वाढतो, आणि महिनाभरात उन्हाळ्याची सुट्टी लागते. साध्या वर्षी तिथं चूल विझते. दुष्काळाच्या वर्षी नाही. स्वराज अभियानाच्या याचिकेवर मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळी भागात सुट्टीतही शाळेत जेवण द्यायला सांगितलं, आणि मराठवाड्यातल्या शाळांची स्वयंपाकघरं भर उन्हाळ्यात चालू ठेवावी लागली. तेव्हा मोजणी सगळ्यात अवघड होते. शाळा नसते, घंटा नसते, सकाळची हजेरीही नसते. कोण येईल, कोण मामाच्या गावाला गेलं असेल, कोण पाण्याच्या टँकरपाशी घागर घेऊन उभं असेल, काही सांगता येत नाही. तिथं एकच रीत चालते. आधण ठेवायचं, तांदूळ धुवायचा नाही, कोरडाच मोजून शेजारी ठेवायचा. पहिली दहा-पंधरा मुलं आली की त्यांच्यापुरता धुऊन वैरायचा. दुसऱ्या पातेल्यात पाणी उकळत राहू द्यायचं आणि मागून येणाऱ्यांसाठी दुसरा घाणा काढायचा. सरपण जास्त जळतं, बाईचा वेळ दुप्पट जातो. पण कोरडा तांदूळ पोत्यात परत टाकता येतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाच्या नावावर मोजता येतो. शिजवलेला भात मे महिन्यात बीडमध्ये संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.